दर्शनी काच

ग्लेनिस पॅस्कोच्या वकिलीला वाराबीनमध्ये कधी जाहिरात लागली नव्हती. गव्हाच्या त्या गावात वकील ती एकटीच. पण शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या फर्मने हमरस्त्यावर फलक उभारले, रेडिओवर गाणं लावलं, आणि ग्लेनिसची माणसं तासभर गाडी हाणत तिकडे जाऊ लागली. मग त्या फर्मचा भागीदार डेरिल कॉपिंग स्वतःच तिच्याकडे आला.

"जूनअखेर ऑफिस आम्हाला विकून टाक. कुलूप आम्ही लावतो. तू निवांत मासे पकडत बस."

ग्लेनिसला माशांचा तिटकारा होता. शिवाय कुलूप लागलं की बाहेरचं टेबल सांभाळणारी बेव्ह घरी बसणार होती. जूनपर्यंत माणसं परत आणायची, नाहीतर सही करायची. तिने मेलबर्नहून ट्रिस्टन नावाच्या जाहिरात-सल्लागाराला बोलावलं.

"तुमचं दारच सापडत नाही," तो आल्या आल्या म्हणाला.

ते खरं होतं. रस्त्यावरचं दार कायम बंद आणि खिडकीला तपकिरी रंग फासलेला. लोक यायचे ते शेजारच्या मर्विनच्या दुकानातून. तिथे मेंढ्यांचा चारा, तारेची जाळी, कुत्र्यांचं खाद्य मिळे आणि पोत्यांच्या मागे ग्लेनिसच्या ऑफिसात उघडणारं एक दार होतं.

"वकिलाकडे जायला चाऱ्यातून वाट?"

"सवय आहे रे बाळा लोकांना," बेव्ह म्हणाली.

"त्या सवयीनेच तर धंदा बुडतोय, मॅडम."

महिन्याभरात दर्शनी भिंत पाडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच आली. आत सोफा, कॉफीचं यंत्र. मर्विनकडच्या दारापुढे भलंमोठं कपाट. फुटपाथवर पाटी: 'घटस्फोट, मृत्युपत्र, वाटणी. आत या, मोकळेपणाने बोला.' गावच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर, पाठीमागे, ग्लेनिसचं नाव. संघ एकही सामना जिंकला नाही, पण पुढे पळणाऱ्या विरोधकांमागे धावणारी ती पाठ प्रेक्षकांना नीट वाचता यायची.

उद्घाटनाला फुटपाथवर सॉसेज भाजले. सगळं गाव ते पावात गुंडाळून खाऊन गेलं, काचेला नाक लावून आत बघून गेलं. आत कोणी आलं नाही.

"तुमचं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय," ट्रिस्टनने फोनवर सांगितलं.

"ते आधीही होतं," ग्लेनिस म्हणाली.

येत होती फक्त रेजची बायको विल्मा हॅझेलटाइन. रोज सकाळी सोफ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायची, कॉफी प्यायची, निघून जायची. शेवटी ग्लेनिसने विचारलं, "विल्मा, काम काय आहे तुझं?"

"काही नाही गं. रेजची गाडी या वेळी इथून जाते. मी इथे बसलेली त्याला दिसले की झालं."

"आणि?"

"घोड्यांवर पैसे लावायचं सोडलंय त्याने. काल तर पन्हाळही दुरुस्त केली."

घटस्फोटाची एक चांगली केस अशी काचेनेच बुडवली.

त्याच दुपारी क्लाइव्ह ड्रमंडचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाला, "ग्लेनिस, मेंढ्यांच्या बाजारामागे भेटतेस का? शेताच्या वाटणीचं बोलायचंय."

"ऑफिसात ये की. कॉफी देते."

"त्या काचेत बसू? समोरच्या बेकरीत माझी वहिनी असते. मी खुर्चीला टेकायच्या आत भावाला कळेल, आणि शुक्रवारी पबमध्ये मटणाच्या बक्षिसाची सोडत निघेपर्यंत उरलेल्या गावाला. तुझं ते दुसरं दार काय वाईट होतं? चार लोकांत माणूस कुत्र्याचं खाद्य घ्यायला जाऊ शकतो."

फोन ठेवून ग्लेनिस मर्विनकडच्या दारापुढच्या कपाटापाशी गेली. मग तिने बेव्हला हाक मारली आणि दोघींनी ते सरकवलं. पलीकडे मर्विन गल्ल्यावर हात टेकून उभा होता.

"तरीच!" तो म्हणाला. "मी म्हणत होतो, गावातली कुत्री मेली की काय सगळी."

काच तिने काढली नाही. सोफा राहिला, पाटी राहिली, विल्माची कॉफीही चालू राहिली. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण आज सोफ्यावर कोण आहे ते बघायचा. शेजारी मर्विनकडे कोण शिरलं, याकडे कुणाचं लक्ष नसायचं. माणसं पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागली. हे कळल्यावर ट्रिस्टन म्हणाला, "काचेचा परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हटलं होतं ना!" ग्लेनिसने ते मान्य केलं. खोटं नव्हतंच ते.

जूनच्या शेवटी, ऐन थंडीत, डेरिल कागदपत्रं घेऊन आला. गाडीतून उतरून तो काचेसमोर थबकला. सोफ्यावर एकटी विल्मा होती. तिने त्याला कप उंचावून दाखवला.

"ग्लेनिस, इथे तर चिटपाखरू नाही," आत येऊन तो म्हणाला. "एवढा खर्च करूनही? हे घेऊन आम्ही काय करणार? राहू दे, तूच चालव."

"काय करणार, डेरिल," चेहरा पाडून ग्लेनिस म्हणाली. मर्विनकडच्या दारापलीकडे, त्याच्या पोत्यांवर, तिघे जण आपली पाळी येण्याची वाट बघत बसले होते. त्यातला एक खोकला.

"कोण आहे?"

"शेजारचं गिऱ्हाईक."

डेरिलने जाताना तिचा खांदा थोपटला आणि त्या वर्षी वाराबीनच्या वाटेवरचे आपले फलकही उतरवले. अशा मेलेल्या गावावर खर्च कोण करतो! गावातली कुत्री मात्र त्या हिवाळ्यात अंगाने भलतीच सुटली.