चार मीटर पुढे

ब्रेक पॅड बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं विचारलं तर मालकांनी नवं कोरं दाबयंत्र दाखवलं असतं. कामगारांनी मात्र मीटरकाकांचा उजवा पाय दाखवला असता. यंत्र बिघडलं तर काम दोन दिवस अडायचं. काकांचा पाय मुरगळला त्या वर्षी नवा माल महिनाभर बाजारात गेला नव्हता.

काका चाचणी विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे काका, एक जुनी पांढरी गाडी, पन्नास मीटरची टेप आणि टेपचं दुसरं टोक धरायला गोदामातले कारकून. कारखान्यामागे डांबराची सरळ पट्टी होती. तिच्यावर गाडी शंभरच्या वेगाने आणायची, चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी किती अंतरावर थांबली ते मोजायचं. आधी गाडीच्या कंपनीचे मूळ पॅड लावून, मग आपले लावून. निकाल काय लागणार ते मालक सकाळीच सांगून ठेवत. "काका, तीन मीटर कमी लागले पाहिजेत हं," असं ते जाता जाता म्हणायचे, आमटीत मीठ जरा बेतानं घाला म्हणावं तसं.

आणि तीन मीटर कमीच लागायचे! आपल्या पॅडवर काका पाय शेवटपर्यंत दाबायचे. मूळ पॅडवर तो किंचित, अगदी पुठ्ठ्याच्या जाडीइतका, हलका ठेवायचे. मूळ पॅड अठ्ठेचाळीस मीटर, आपले पंचेचाळीस. टेप खरी, रेघ खरी, आकडा खरा. अकरा वर्षांत आपण एकही आकडा खोटा लिहिला नाही, याचा काकांना मनापासून अभिमान होता. खोटं काही असलंच तर ते बुटात होतं, आणि लोकांच्या बुटात डोकावायची कुणाला हौस नसते.

स्वतःच्या गाडीला मात्र ते मूळ पॅडच लावत. दुसऱ्या गावातल्या दुकानातून आणायचे, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून.

"अहो, चोरीचा माल असल्यासारखे काय लपवून आणता?" बायको विचारायची.

"अगं, शिंपी कधी स्वतःचे कपडे स्वतः शिवतो का?"

"शिंप्याचा सदरा उसवला तर कुणी भिंतीवर आदळत नाही," ती म्हणायची. मग काका हात धुवायला उठायचे.

पण सवय वाईट. मूळ पॅड म्हटलं की पायाने हलकं व्हायचं, हे त्या पायाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आता तो काकांना विचारेनासा झाला. एका दुपारी जेवण करून काका आपली गाडी घेऊन फाटकातून आत आले. समोर मालकांची आठ दिवसांची नवी गाडी उभी. काकांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. गाडी सावकाश, ओळखीच्या घरात शिरावं तशी पुढे गेली आणि मालकांच्या गाडीचा मागचा दिवा फोडून थांबली.

मालक धावत आले. "काका, तुम्ही? अहो, तुम्ही?" मग आवाज एकदम खाली आला. "पॅड कोणाचे आहेत?"

इकडे आड, तिकडे विहीर. आपले म्हणावं तर माल वाईट, मूळ म्हणावं तर इमान वाईट. काकांनी खरं सांगितलं. खोटं बोलायची सवय त्यांच्या पायाला होती, तोंडाला नव्हती.

मालक लाल झाले. आता आपली नोकरी गेली असं काका समजून चुकले. पण मालकांनी फुटका दिवा पाहिला, काकांकडे पाहिलं आणि त्यांना कडकडून मिठी मारली. "मूळ पॅड! अकरा वर्षं ब्रेक दाबणारा माणूस, आणि मूळ पॅडवर त्यालासुद्धा गाडी थांबवता आली नाही! अरे, फोटो काढा कुणीतरी!"

महिन्याभरात प्रत्येक खोक्यावर फुटका दिवा आणि त्याच्या शेजारी ओशाळे मीटरकाका छापून आले. खाली ओळ होती: 'यांनीही आमचेच पॅड लावायला हवे होते.' माल हातोहात खपू लागला. काकांना वाईट वाटत होतं, पण रस्त्यात लोक ओळखायला लागले हे काही अगदीच वाईट वाटत नव्हतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी लेक घरी दोन खोकी घेऊन आली. ती जमिनीच्या मोजणीच्या कामावर होती. दोन सहकारी आणि सामान घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर जायची, त्यासाठी तिने नुकतीच जुनी गाडी घेतली होती.

"आई, बघ कुणाला आणलंय!" तिने खोकी टेबलावर मांडली. दोन्हींवरून बाबा बघत होते. "माझे पॅड झिजलेत. म्हटलं, घरचे असताना दुसरे कशाला? उद्या बसवून घेते. परवा वरच्या वस्तीवर जायचंय, येताना सगळा उतार आहे."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. "बसवू नकोस."

"का?"

"नको म्हणतो ना."

"वाईट आहेत का?"

"वाईट नाहीत गं. गाडी थांबते."

"किती मीटरमध्ये?" लेक मोजणीवाली, 'थांबते' हे उत्तर तिला चालणार नव्हतं.

"पंचेचाळीस."

"आणि मूळ?"

"अठ्ठेचाळीस," काका सवयीने म्हणाले. लेकीने एक खोकं उचलून त्यावरचा फोटो त्यांच्यासमोर धरला, तसे काका पुटपुटले, "एक्केचाळीस. एकदा चुकून पाय पूर्ण दाबला गेला होता. ती फेरी आम्ही धरली नाही."

लेकीने पिशवीतून टेप काढली. एक टोक ओट्याखाली भिंतीला लावलं आणि टेप ओढत ती दाराकडे निघाली. दाराशी खुर्चीत आई शेंगा सोलत बसली होती. टेप तिच्या गुडघ्यापाशी पोचली तेव्हा साडेतीन मीटर झाले होते.

"अजून अर्धा मीटर राहिला," लेक म्हणाली.

"अहो," बायको म्हणाली, "म्हणजे यात मी गेले की!"

कुणी हसलं नाही. लेकीने टेप गुंडाळली. "मी नाही बसवणार, बाबा. मला घरात सांगणारं कुणीतरी आहे. बाकीच्यांनी तुमचा फोटो बघून घेतलेत."

काकांना लाज वाटली. आजवर ते पगार मिळतो म्हणून, मालक सांगतात म्हणून, आकडा खरा आहे म्हणून असं काहीबाही स्वतःला समजावत आले होते. त्या सकाळी त्यांना त्यातलं एकही कारण आठवेना.

दुसऱ्या दिवशी नव्या मालाची चाचणी होती. काका मूळ पॅड लावून निघाले, रेघ आली, आणि त्यांनी दात-ओठ खाऊन पाय दाबला. कारकुनांनी टेप दोनदा लावली. "काका, चुकलं वाटतं. एक्केचाळीस दाखवतेय."

"लिहा."

आपल्या पॅडवर नेहमीचेच पंचेचाळीस आले. "हेही लिहू?" कारकुनांनी घाबरत विचारलं.

"तेही लिहा."

कागद घेऊन काका स्वतः मालकांकडे गेले. मालकांनी तो वाचला. "पाय दुखतोय का काका?"

"पाय आजच बरा झालाय. मालक, आपल्या पॅडवर गाडी मूळ पॅडपेक्षा चार मीटर पुढे जाऊन थांबते. माल परत मागवा. आणि खोक्यावरून माझा फोटो काढा."

मालकांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा बरं."

"मूळ पॅडपेक्षा चार मीटर पुढे जाऊन—"

"बास! इथेच थांबा!" मालक उभेच राहिले. "मूळ पॅडपेक्षा चार मीटर पुढे! अहो काका, अकरा वर्षं आपण कमी, कमी करत बसलो. कमी कुणाला हवं असतं? लोकांना पुढे जायचं असतं!"

"पण हा ब्रेक आहे मालक. ब्रेकमध्ये पुढे म्हणजे—"

"आकडा खरा आहे ना?"

"खरा आहे."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

आठ दिवसांत नवी खोकी आली. ओशाळ्या काकांच्या जागी आता ओळखपत्रावरचे हसरे काका होते आणि डोक्यावर ठळक अक्षरांत 'चार मीटर पुढे!' मागणी दुप्पट झाली. एका दुकानदाराने तर सहा मीटरवाले कधी येणार, अशी चौकशी केली.

कारखान्याच्या फाटकाला लागून कंपनीचं विक्रीचं दुकान होतं. काका अकरा वर्षांत तिथे कधी गेले नव्हते. ही चौकशी कानावर आली त्या दुपारी ते जेवणाचा डबा तसाच ठेवून गेले आणि काउंटरपाशी उभे राहिले. रांगेत पहिली एक बाई होती. बाहेर तिच्या गाडीत मागच्या सीटवर दोन मुलं भांडत होती. तिने हातातल्या खोक्यावर पाहिलं, मग काकांकडे पाहिलं.

"अय्या, तुम्हीच ना हे? खरंच चार मीटर पुढे?"

"अगदी खरं," काका म्हणाले. "ब्रेक दाबला की गाडी मूळ पॅडपेक्षा चार मीटर पुढे जाऊन थांबते. त्या चार मीटरमध्ये कुणी उभं नसेल तर खुशाल घ्या."

बाई हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

दुकानाच्या आतल्या दारात मालक येऊन उभे होते. "काका," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही."

काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

"पण तुम्हाला कसं माहीत?" बाईने विचारलं.

"मी स्वतः दाबून पाहिलंय," काका म्हणाले. "या खेपेला पूर्ण दाबून."

बाईने खोकं काउंटरवर परत ठेवलं आणि ती गाडीकडे गेली. तिच्या मागे रांगेत चौघं होते. त्यांना सगळं ऐकू गेलं की नाही याची काकांना खात्री वाटेना, म्हणून त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.