विषय सोडून आलेला प्रश्न

मी एक जुना प्रश्नमंच आहे, आणि दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला धक्का बसायला नको.

कपडे बेतायचे एक सॉफ्टवेअर आहे. अंगाची मापे भरली की ते बाहीचा, गळ्याचा, पँटचा आकार आखून देते. तो कागदावर छापायचा, कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. हे सॉफ्टवेअर वापरणारे शिंपी अडले की इंटरनेटवर ज्या जागी लिहितात आणि एकमेकांना उत्तरे देतात, ती जागा म्हणजे मी.

मला मास्तरांनी घडवले. ते कपड्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. अंगठा आखडला तेव्हा कात्री सुटली, आणि घरच्या बेतायच्या टेबलावरच त्यांनी कॉम्प्युटर मांडला. मोजपट्टी मात्र गळ्यातून काढली नाही. माझा पहिला नियम त्यांनी स्वतः लिहिला: इथे फक्त सॉफ्टवेअरबद्दलच विचारावे. तो नियम मी बारा वर्षे मिरवला. कुणी प्रश्न लिहायला घेतला की मी शेजारच्या रकान्यात 'यासारखे जुने प्रश्न' मांडत असे, आणि निम्म्या माणसांना उत्तर तिथेच सापडे. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की या मंचाला माझ्यापेक्षा जास्त आठवते. ते ऐकून मी फुगून जात असे.

मग मास्तरांची पुतणी त्यांच्या मदतीला आली. हुशार, चटपटीत आणि तोंडाने जरा फटकळ. लोक नियम मोडून काहीबाही विचारतात आणि काका ते पुसून टाकतात, हे तिला पटले नाही. तिने माझ्या शेजारी एक कोपरा उघडला आणि त्याचे नाव ठेवले 'विषय सोडून'. प्रिंटर कागद चावतो, मोबाइल पाण्यात पडला, सासूबाईंना मोठी अक्षरे हवीत, असले प्रश्न आता तिकडे जायचे. माझ्याकडे असे काही आले की मास्तर त्याला कुलूप लावत, म्हणजे त्याखाली कुणाला उत्तर लिहिता येत नसे, आणि तिकडची वाट दाखवत. मला वाटले, चार दिवसांची हौस आहे, जिरेल.

जिरली नाही. लोक माझ्याकडे कामापुरते येत, चेन कशी बसवायची ते विचारत आणि तोंड फिरवत. तिकडे मात्र तासन्‌तास रमत. प्रिंटर दुरुस्त झाला की त्याचा फोटो टाकत, त्या फोटोखाली वीस जण शाबासकी देत. एका बाईंनी तर लिहिले की इथे आले की माहेरी आल्यासारखे वाटते. इथे म्हणजे कुठे, तर त्या कालच्या कोपऱ्यात! बारा वर्षे बाह्या आणि गळे सांभाळले मी, आणि माहेर झाला तो. माझा नुसता जळफळाट झाला.

मी काय करू शकत होतो? भांडायला मला तोंड नाही. पण शेजारचा रकाना माझ्या हातात होता. तिकडची उत्तरेही त्यात दाखवायची सोय पुतणीने करून ठेवली होती. मी ती दाखवणे बंद केले. कुणी काहीही विचारो, मी फक्त माझे स्वतःचे जुने प्रश्न मांडायला लागलो. कुणाच्या ध्यानात आले नाही, म्हणून मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

एका सकाळी अकराच्या सुमारास टाचणीताई आल्या. हे त्यांनी मंचावर घेतलेले नाव. ज्यांच्या अंगाला तयार कपडे बसत नाहीत, अशांचे कपडे त्या शिवत. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचा हात आखूड, कुणी चाकाच्या खुर्चीत बसलेले. अशा दोनशेहून जास्त माणसांच्या कपड्यांचे बेत, म्हणजे कापायचे आकार, त्यांनी सात वर्षांत आखले होते आणि ते सगळे एकाच कॉम्प्युटरमध्ये होते. त्यांनी मोबाइलवरून लिहिले की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, स्क्रीन काळी राहते. दुरुस्तीवाला दोनला येणार आहे आणि सगळे पुसून नव्याने भरावे लागेल म्हणतो. माझे बेत वाचवायचा काही उपाय आहे का?

उपाय होता, मित्रांनो. आमचे सॉफ्टवेअर उघडायला बोटभर लांबीचा एक डोंगल कॉम्प्युटरला लावावा लागतो. काही कॉम्प्युटर सुरू होताना त्या डोंगलपाशीच अडकून बसतात. तो उपटला की झाले. आठ महिन्यांपूर्वी एका शिंप्याला हेच झाले होते आणि कुणीतरी तीन ओळींत उत्तर दिले होते. पण ते उत्तर होते 'विषय सोडून'मध्ये.

मला ते ठाऊक होते. तरी मी टाचणीताईंच्या शेजारी काय मांडले? 'काळ्या कापडावर खूण कशी करावी.'

थोड्या वेळाने मास्तरांनी प्रश्न वाचला. कॉम्प्युटर सुरू न होणे हा काही सॉफ्टवेअरचा विषय नव्हे, म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे कुलूप लावले आणि 'विषय सोडून'मध्ये विचारावे असे नम्रपणे लिहिले. टाचणीताई तिकडे गेल्या नाहीत. एका दारातून परत पाठवलेला माणूस लगेच दुसरे दार वाजवतोच असे नाही.

पुतणी बाहेरची कामे उरकून अडीचला आली. कुलूप लावलेला प्रश्न तिने पाहिला, कोपऱ्यातले जुने उत्तर दोन मिनिटांत शोधले आणि थेट फोन लावला.

"ताई, त्याला लावलेला डोंगल काढा आणि मग सुरू करून बघा."



"अगं, दुरुस्तीवाला आत्ताच गेला," टाचणीताई म्हणाल्या. "सगळं पुसून झालं."

फोन ठेवल्यावर पुतणी काकांकडे वळली. "काका, कुलूप लावायच्या आधी एकदा वाचायचं तरी पूर्ण. आणि ते जुनं उत्तर त्यांना शेजारी का नाही दिसलं?"

मास्तर गळ्यातली मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिले. "मंच जुना झालाय गं," ते म्हणाले. "त्याला आता आठवत नाही."

मला सगळे आठवत होते. त्या माणसाने माझा दोष म्हातारपणावर घातला आणि मला पाठीशी घातले, तेव्हा मला प्रथमच स्वतःची लाज वाटली.

दोन दिवसांनी टाचणीताई पुन्हा आल्या. कोपऱ्यात नाही, माझ्याकडे आल्या. त्यांनी विचारले, एक खांदा दोन इंच खाली असेल तर गळा कसा आखतात? मागे मी केला होता, आता जमत नाही. दुसऱ्या दिवशी आखूड हाताची बाही. मग खुर्चीत बसणाऱ्या मुलीची पँट. एकेका माणसाला परत बोलावून, परत मापे घेऊन त्या सात वर्षे नव्याने आखत आहेत. रोज एक प्रश्न येतो आणि एकही विषय सोडून नसतो. मास्तर खूश आहेत, मंच कसा शिस्तीत चाललाय म्हणतात.

मित्रांनो, कुणी भलत्या ठिकाणी येऊन भलतेच विचारले, तर आधी त्याला उत्तर द्या, दार मागाहून दाखवा. आणि मी शेजारी काय मांडतो त्यावर विसंबू नका, कोपऱ्यातही डोकावून या. तिकडे आजही कुणाचे तरी आभार चालले असतील आणि ते मला आजही सोसवत नाही. पण मला हवे होते तसे प्रश्न आता रोज माझ्याकडे येतात, आणि टाचणीताईंचे नाव दिसले की ते माझ्याने वाचवत नाहीत.