मागचं दार ब्रुजला

गाडीची पुढची चाकं पोर्तुगालात पोचली तरी मागचं दार बेल्जियममधल्या ब्रुजलाच उघडत होतं. शालन पाटणे रोज सकाळी कप विसळलेलं पाणी टाकायला ते दार उघडायची, तर समोर तोच कालवा, तेच दोन हंस आणि पुलावर तोच टोपीवाला म्हातारा. पहिल्या दिवशी तिने त्याला हात केला होता. आता तोच तिला हात करायचा.

गाडी म्हणजे कॅम्परव्हॅन. मागे छोटा ओटा, मध्ये बिछाना, पुढे दोन सीटा. अँटवर्पला राहणाऱ्या लेकीने आईबापांना महिनाभरासाठी ती घेऊन दिली होती, वर आईला एक हिरवा स्वेटर. गाडी चालवायला हणमंत होताच. एकतीस वर्षं त्याने विटा डेपोची एसटी चालवली होती, आणि रिटायर होताना 'विटा' लिहिलेली पत्र्याची पाटी साहेबांकडून मागून घरी आणली होती. ती त्याने बॅगेतून युरोपात आणली आणि पुढच्या काचेत लावली. इथल्या लोकांनाही कळू दे गाडी कुठं चाललीय, म्हणाला.

शालनला फार काही नको होतं. चर्चं बघून तिची मान धरायची, आणि समुद्र म्हणाल तर सगळीकडे खारटच. तिला नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं होतं, बास. त्याच्या एसटीत ती आयुष्यात तीनदा बसली, आणि तिन्ही वेळा समोर पाटी लावलेली होती, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. ती बोलली नव्हती. बाई नियमाची होती. अँटवर्प ते ब्रुज मात्र ती शेजारी बसून सारखी बोलली होती. तो दीड तास तिला पुरला नाही.

गाडी निघाली की हणमंतला पहिल्या गिअरलाच चहा लागायचा. ब्रुजहून निघताना ती चहा करायला मागे आली, कप भरून वळली, तर पुढच्या सीटा वीतभर लांब गेल्या होत्या. फ्रान्समधलं ओंफ्लर सोडलं तेव्हा हातभर. ला रोशेलनंतर चहा पोचेपर्यंत कोमट व्हायला लागला, सॅन सेबास्तियननंतर त्यावर साय धरायला लागली. ती पोचायची आणि तेवढ्यात पुढचं गाव यायचं. मग दोघं उतरायची, किल्ले बघायची, पाण्यात पाय बुडवायची, आणि निघताना मागे वळून त्या गावाला म्हणायची, येतो. ते म्हणायला काही लागत नाही, आपसूकच तोंडातून जातं.

पोर्तोनंतर ती चहा घेऊन निघाली आणि निम्म्यातून परतली. कपातला चहा गार झाला होता, आणि गार चहा नवऱ्यापुढे धरणं तिला जमेना. त्याला चार दिवस झाले. चार दिवसांत तिने त्याला पाहिलं नव्हतं. नुसता त्याचा आवाज यायचा, तोही दोन गावं उशिराने.

पाचव्या दिवशी सकाळी, ब्रुजला जिथे गाडी लावली होती त्या कॅम्पिंगची बाई मागच्या दारावर आली. तिच्या हातात मापाची टेप होती. ती मराठीत बोलली, आणि शालनला त्याचं काही वाटलं नाही.

"तुमची गाडी निघालेलीच नाही," बाई म्हणाली.

"पुढनं तर पोर्तुगालात गेलीय की."

"पुढनं गेली असेल. तुम्ही आमच्या गावाला येतो म्हणालात. गावाने दार धरून ठेवलंय. वाटेतल्या प्रत्येक गावाने धरलंय."

मग सोडवायचं कसं, असं शालनने विचारलं. बाईने टेप गुंडाळत सांगितलं, की जाते म्हणा.

शालनने दारातला पाय मागे घेतला. एकदाच, रत्नागिरीच्या फेरीला निघताना, हणमंतच्या तोंडून घाईत 'जातो' निसटलं होतं. तिने त्याला कोपऱ्यावरून परत बोलावलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि 'येतो' वदवून घेऊन मग सोडलं. वीस मिनिटं गाडी उशिरा सुटली. डेपोत त्याची चांगलीच खरडपट्टी निघाली, पण तो संध्याकाळी धडधाकट घरी आला होता.

"आमच्यात तसं म्हणत नाहीत," ती म्हणाली.

"मग राहा," बाई म्हणाली. तिचा सूर वाईट नव्हता.

तेवढ्यात पुढून आवाज आला. "शालन, रस्ता सपला. म्होरं समुद्रच हाय. च्या आण, मग वळवू गाडी."

वळवली की त्या दोन सीटा आणखी कुठं जातील, कोण जाणे. शालनने थर्मास काठोकाठ भरला, अंबाडा घट्ट केला आणि मागचं दार ओढून घेता घेता पुलावरच्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाली, "जाते." दार लागलं. तिथे आता दार नव्हतं, पांढरा पत्रा होता. आपण कोणाला काय म्हणालो हे तिला आठवेना.

ती चालू लागली. प्रत्येक गावाची एक खिडकी होती, आणि खिडकीत ते गाव तसंच उभं होतं. ओंफ्लरच्या खिडकीत हणमंत तिच्यासाठी रुमाल निवडत होता, तिला आवडेल की नाही म्हणून दहा रुमाल उलटेपालटे करत. ती थांबून बघत राहिली. मग म्हणाली, जाते. गळ्यातला रुमाल कुठून आला ते तिला कळेना, पण गाडी आखडली होती. ला रोशेल गेलं. सॅन सेबास्तियनला तो पँट दुमडून लाटेत उभा होता आणि ये ये म्हणून बोलावत होता. तिथे तिला रडू आलं. हे सगळं त्याच्यापाशी पोचायला टाकायचं, आणि पोचल्यावर त्याच्याशी बोलायचं कशाबद्दल? तरी ती म्हणाली. पोर्तोला तर ती थांबलीसुद्धा नाही, चालता चालताच म्हणाली.

मग चारच पावलं राहिली. हणमंतची पाठ दिसली, मानेवरचा तीळ दिसला, खांद्यावरचा टॉवेल दिसला. काचेत पाटीची मागची बाजू होती आणि तिच्यापलीकडे नुसता समुद्र. शेजारची सीट रिकामी होती. पण मध्ये आणखी एक खिडकी होती, आणि तिच्यात विटा होतं.

गल्ली होती, त्यांचं कुलूप लावलेलं दार होतं, आणि पायरीवर शेजारच्या पारूबाई बसल्या होत्या. निघताना दोघं त्यांच्याकडे किल्ली देऊन येतो म्हणाली होती. शालन दिसताच पारूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कनवटीची किल्ली सोडवू लागल्या.

शालनने 'जा' एवढं जिभेवर आणलं. पुढचं येईना. तिला तो हवा होता, आणि एकतीस वर्षं त्याच दारातून येतो म्हणून जाणारा, परत येणारा, तोच तो होता. ते दार पुसलं तर सीटवर कोण बसलेलं असेल?

"शालन," हणमंत मान न वळवता म्हणाला, "आलीस का गं?"

अशा हाकेला ती आयुष्यभर जे म्हणत आली तेच म्हणाली. हातातलं काम सुटलेलं नसतं, पाय जागचा हललेला नसतो, तरी म्हणतात.

"आलेच की."

शेजारच्या सीटचा पट्टा लागल्याचा आवाज झाला. तिथे तिच्यासारख्याच हिरव्या स्वेटरातली बाई बसली होती, अंबाडा तसाच घट्ट. हणमंतने कपातला निम्मा चहा बशीत ओतून तिच्यापुढे धरला. बशीतून वाफ निघत होती. ती बाई बोलू लागली आणि हणमंत हसत गाडी वळवू लागला.

विट्याच्या खिडकीपाशी उभ्या शालनने थर्मास कानाशी नेऊन हलवला. तो रिकामा होता.