बारा खोल्यांचा डाव

माझ्या भाच्याने परवा माझा जुना हातातला गेम कपाटातून उकरून काढला आणि नाक मुरडलं. "आत्या, याला रंग नाहीत. उजेड नाही. आवाजसुद्धा येत नाही."

"चार सेल खातो आणि संध्याकाळी मान टाकतो, तेही सांग ना," मी म्हटलं. "बस खाली. आधी खेळायला शीक, मग नावं ठेव."

खेळ असा आहे. एक हवेली, तिच्यात बारा खोल्या. दोन हेर आत शिरतात. नकाशाचे तीन तुकडे आणि एक पेटी कुठल्या तरी कपाटात, खणात, पडद्यामागे दडवलेली असते. तुकडे शोधायचे, पेटीत घालायचे आणि गच्चीच्या दाराने पळायचं. एवढंच असतं तर माझी आईही खेळली असती. गंमत आहे ती सापळ्यांत. दारावर दगडांची टोपली टांगता येते, खणात फटाक्याची दारू भरता येते, पडद्यामागे चाप लावता येतो. समोरच्याने तिथे हात घातला की तो आडवा, आणि त्याच्याकडचं सगळं आपलं. एक लक्षात ठेवायचं. आपण लावलेला सापळा आपल्यालाही सोडत नाही.

दोघांचे दोन गेम एका वायरीने जोडायचे. वायर हातभर, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. पण दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकवायचं नाही. तो मोठा गुन्हा. दार उघडलं की टक वाजतं, खण ओढला की खर्र, आणि सापळा लावला की बारीक टिंग. दिवसाउजेडी खेळायचं, कारण अंधारात काही दिसत नाही.

"मग तू कोणाशी खेळायचीस?" भाच्याने विचारलं.

"तुझ्या पणजोबांशी," मी म्हटलं, आणि मला एकदम आमचा तो पडवीचा कट्टा आठवला. वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास आठवला. आता तिथे गाड्या लावतात.

मी चौदा वर्षांची होते, उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. आमच्या जपानातल्या अकाशीच्या सामुद्रधुनीवरचा पूल तेव्हा झाला नव्हता, नुसते दोन मनोरे पाण्यातून वर येत होते. आबा, म्हणजे माझे आजोबा तोकुजी, एकाहत्तर वर्षांचे. एकटेच होडी घेऊन जायचे आणि समुद्राच्या तळाशी दोराला बांधलेली मातीची मडकी सोडून ऑक्टोपस धरायचे. मला त्या होडीवर जायचं होतं. सहा वर्षांची असल्यापासून दुसरं काही नको होतं मला. बाहुल्या नको, पियानोची शिकवणी नको.

"आबा, मला न्या ना."

"होडीची देवी बाई आहे, नागिसा. दुसरी बाई चढली की रुसते."

"मग मात्सुनागाकाका रोज काकूंना घेऊन जातात ते? त्यांची देवी नाही रुसत?"

"त्यांच्या देवीने मात्सुनागाच्या बायकोला जवळून बघितलंय. घाबरून गप्प बसली असेल."

आबांशी बोलण्यात जिंकणं कठीण होतं. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. दादा शिकायला कोबेला गेला होता आणि त्याचा गेम, कॅसेटसकट, घरीच पडला होता. माझ्याशी खेळायला कुणी नव्हतं. मी दोन्ही गेम आबांपुढे ठेवले आणि म्हटलं, "डाव लावू. मी जिंकले तर होडीवर न्यायचं."

आबांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "शिकव."

त्यांनी गेम हातात घेऊन आधी सगळ्या बटणांवरून अंगठा फिरवला. "आवाज मोठा कर. माझे कान गेलेत." मी दोन्हीचे आवाज मोठे केले. मग म्हणाले, "कुठली खोली कुठे उघडते ते असं नाही कळायचं मला. मडक्याच्या बारा खापऱ्या आण आणि मांडून दाखव." मी जमिनीवर खापऱ्या मांडल्या. ते एकेका खापरीवर बोट टेकवत पुटपुटत होते. म्हाताऱ्या माणसांना असंच शिकवावं लागत असेल, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी होडीवर चढलेही होते.

पहिला डाव आबांनी जिंकला. नवशिक्याचं नशीब, असं म्हणून मी सोडून दिलं. दुसराही त्यांनी जिंकला, आणि तिसराही.

आठवडाभरात माझं डोकं फिरलं. मी जिथे सापळा लावायचे, त्या कपाटाला आबा हातही लावायचे नाहीत. आणि त्यांचे सापळे मात्र असे असायचे, की मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्यात पडायचे.

"तुम्ही माझ्या स्क्रीनमध्ये बघता!" मी एकदा ओरडले.

"देवाशपथ नाही," आबा म्हणाले, आणि ते खरंच होतं. "अगं, ऑक्टोपसच्या मडक्यात आपण आमिष घालतो का? नाही घालत. त्याला आडोसा हवा असतो, तो आपणच आत शिरतो. तू घाबरलीस की त्या कोपऱ्यातल्या खोलीत पडद्यामागे पळतेस. मग मी चाप कुठे लावू? कपाटात?"

"मला ऑक्टोपस म्हणता?"

"ऑक्टोपस जरा उशिरा फसतो."

मी वायर उपटून फेकली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट्यावर गेले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्रेचाळीस डाव झाले, आणि त्रेचाळीसही आबांचे.

त्याच सुमारास बाबांनी जेवताना होडीचा विषय काढला. बाबा गोदीत कामाला होते, त्यांना मासेमारीत रस नव्हता. एप्रिलमध्ये आबांची होडी स्वच्छ हवेत, भर सकाळी बंदराच्या भिंतीला घासली होती. फेरीबोटीची लाट आली, असं आबांचं म्हणणं.

"पुन्हा एकदा असं झालं तर होडी विकायची," बाबा म्हणाले. "हट्टालाही वय असतं, आबा."

आबा ऑक्टोपस घातलेला भात खाली मान घालून खात राहिले. त्या रात्री मला झोप लागेना. होडीच गेली तर मी जिंकून तरी काय करणार? जिंकायला हवं होतं, आणि लगेच.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. या गेमच्या एका कडेला बारीक चाक असतं. ते फिरवलं की स्क्रीन गडद किंवा फिकी होते, आणि पार टोकाला नेलं तर सगळं पुसून जातं. दुपारी आबा बार्लीचा चहा आणायला आत गेले, तेवढ्यात मी त्यांच्या गेमचं चाक टोकापर्यंत फिरवलं. नुसती हिरवट पाटी राहिली. ते बोंब मारतील, बटणं दाबत बसतील, तेवढ्या वेळात मी पेटी घेऊन गच्ची गाठीन, असा माझा बेत.

आबा आले. चहा ठेवला, गेम उचलला आणि म्हणाले, "चल."

टक. टक. खर्र.

त्यांचा अंगठा रोजच्यासारखा चालत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा तो मोठा गुन्हा केला, त्यांच्या स्क्रीनमध्ये डोकावले. तिथे काहीच नव्हतं. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते. डोळे समुद्राच्या दिशेला, आणि कान माझ्या हातातल्या गेमकडे वळलेला.

माझा हेर जिथे होता तिथेच उभा राहिला. मला बटण दाबवेना. थोड्या वेळाने गच्चीचं दार वाजलं.

"चव्वेचाळीस," आबा म्हणाले.

खापऱ्या, मोठा आवाज, बंदराची भिंत, रुसणारी देवी. सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. त्यांचे कान गेले नव्हते, डोळे गेले होते. माझं एकेक टक आणि टिंग मोजून ते मला हरवत होते. त्यांना हरून चालणारच नव्हतं. होडीवर दुसरं माणूस आलं असतं तर पहिल्याच दिवशी त्याला कळलं असतं. मी भोकाड पसरलं.

"अगं, हरलीस म्हणून एवढं रडतात?"

"आबा, उद्या मी येणार होडीवर."

"हरलीस ना तू?"

"हरले. किती वाजता निघायचं?"

आबांचा अंगठा हळूहळू गेमच्या कडेवरून सरकत गेला आणि त्या चाकावर थांबला. चाक पुढे जाईना, कारण ते टोकालाच होतं.

"कधी फिरवलंस?"

"डावाच्या आधी."

त्यांनी गेम मांडीवर ठेवला. "बापाला सांगणार?"

"डोळे दाखवायला गेलात तर नाही सांगणार. वर्ष संपायच्या आत. तोवर तुम्ही एकटे जायचं नाही, माझ्याबरोबरच. नाहीतर आत्ता सांगते."

"डोळ्यात सुरी घालतात गं ते लोक," आबा अगदी बारीक आवाजात म्हणाले. एवढा मोठा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"तुम्ही ऑक्टोपसच्या दोन डोळ्यांच्या मधोमध टोचा खुपसता तेव्हा? तो येतो का तक्रार घेऊन?"

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी तोंड पुसलं, आणि मला वाटतं डोळेही पुसले.

सुट्टी संपेपर्यंत मी रोज गेले. "पोरीला दोर ओढायची हौस आहे," असं त्यांनी बाबांना सांगितलं. शाळा सुरू झाल्यावर फक्त रविवारी. बाकीचे दिवस आबांनी कंबर धरल्याचं असं झकास सोंग केलं, की आईने मलमाच्या तीन ट्यूब संपवल्या. डोंगर आणि पुलाचे मनोरे मोठे, त्यांच्या अंदाजाने आबा बरोबर आमच्या जागेवर होडी नेत. पण पाण्यावर तरंगणारा आमचा लाल बावटा त्यांना दिसत नसे. तो मी शोधायचे. "उजवीकडे, आबा! अजून! बस!" मग दोर वर यायचा, मडक्यांतून पाणी गळायचं, आणि एखाद्या मडक्याच्या तोंडातून एक पाय बाहेर येऊन आमचा अंदाज घ्यायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस तेच.

डिसेंबरात मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर आबांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "तुझ्या नाकावर तीळ कधी आला?"

"जन्मापासून आहे."

"चांगला दिसतो."

सगळे हसले. मीच तेवढी धड हसले नाही. आबांना आता माझ्या डोळ्यांची गरज उरली नव्हती. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. ते कट्ट्यावर बसून मडकी घासत, दोर दुरुस्त करत, पण होडीचं अवाक्षर काढत नसत. मीही विचारलं नाही. मी चव्वेचाळीस डाव हरले होते, कुठल्या तोंडाने विचारणार?

मार्चमध्ये शाळेचा शेवटचा दिवस झाला. घरी आले तर कट्ट्यावर दोन्ही गेम मांडलेले, वायर जोडलेली, सेल नवे.

"डाव लावायचा?" आबा म्हणाले.

"कशावर?"

"पहिल्यासारखाच."

मी दप्तर तिथेच टाकलं. आबांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली आणि ओरडले, "हा मी? हा टोपी घातलेला उंदीर? आणि मी आपला मिशीवाला समजत होतो!" मग ते खोल्याखोल्यांतून असे भटकले, की हसू आवरेना. स्वतःच टांगलेली दगडांची टोपली दोनदा डोक्यावर घेतली. माझ्या खणातली दारू उडवली. कोपऱ्यातल्या पडद्यामागे मी चाप लावला होता, तिथे तर ते सरळ जाऊन उभेच राहिले. मी पेटी उचलली आणि गच्चीतून पळाले. पंचेचाळिसावा डाव माझा होता.

"हरलो बुवा," आबा म्हणाले. "डोळे आले आणि अक्कल गेली. पहाटे चारला धक्क्यावर ये. उशीर केलास तर थांबणार नाही."

मी कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचले. शेजारच्या मात्सुनागाकाकूंना हाक मारून सांगितलं. मग आबा आत गेले आणि मी वायर गुंडाळायला बसले. तेव्हा माझं लक्ष गेलं. दुसऱ्या कडेला आवाजाचं चाक असतं. दोन्ही गेमवर ते खाली, पार टोकाला फिरवलेलं होतं.

अख्ख्या डावात एकही टक वाजलं नव्हतं, आणि जिंकण्याच्या नादात मला ते कळलंही नव्हतं. मी त्या चाकांना हात लावला नव्हता.

आतून आबांचा आवाज आला. ते आईला सांगत होते, "उद्यापासून डबे दोन भर गं. पोरगी जिंकली, काय करणार."

मी वायर गुंडाळून दोन्ही गेम आत नेऊन ठेवले. आबा गेले त्यालाही आता वीस वर्षं झाली. होडी मी चालवते, मडकी मी टाकते, आणि ते चाक मी कधी वर फिरवलेलं नाही.

भाच्याचा अंगठा त्या कडेकडे जात होता. मी त्याच्या हातावर चापट मारली.

"आवाज आहे त्याला," मी म्हटलं. "पण तू तसाच खेळ."