डावीकडे वळलेली जोडी

मुलांनो, क्षणभर समजा, की तुम्ही देवरीजवळच्या एका गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला उभे आहात. धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, सपाट करून धावपट्टी केली आहे, आणि मनिरामची बैलजोडी, पवळ्या आणि चांद्या, नुकतीच सुटली आहे. काय धूळ उडते! पण हे काय? अर्ध्या पट्टीवर जोडी एकदम डावीकडे वळते आणि थेट बायकांच्या घोळक्यात घुसते.

बायका लुगडी सावरत पळाल्या. मनिरामची लेक रुख्मा तेवढी जागची हलली नाही. बैल तिच्यापाशी येऊन थांबले आणि तिचा हात हुंगू लागले.

"ही फेरी बाद!" पंच ओरडले. "आता एकच फेरी उरली."

रुख्माच्या आजाने, बकारामने, डोक्यावरचा पटका काढून झटकला.

"मनिराम, आणखी एकदा वळले तं हे बैल चुन्नीलालले देऊन टाकतो. सारा गाव हासून राहिला."

गोंदियाचा व्यापारी चुन्नीलाल शेजारीच पान चघळत होता.

"दौड तो जबरदस्त है, बकारामजी. पर किधर की दौड है, ये बैलों से पूछो!"

लोक खो खो हसले. रुख्माने पवळ्याच्या गळ्यात हात टाकला.

"बाबा, आपले बैल हळू होते का जी?"

"हळू?" मनिराम कासरा गुंडाळत म्हणाला. "पहिल्या आलेल्या जोडीनं तेवढ्या वेळात एवढी जमीन नाही कापली, पोरी. पण शेवटचं निशाण तिकडं, अन् हे आले इकडं."

पुस्तकात याला दोन नावे आहेत. अंतराला वेळेने भागले की चाल मिळते. किती जोरात, एवढेच ती सांगते. कुठल्या दिशेने, हेही सांगितले की तो वेग. रुख्माला ही नावे ठाऊक नव्हती. तिला बैल ठाऊक होते.

"घरी तं सरळ धावतात. आज काऊन वळले?"

"घरी तू उभी राहतेस ना बांधीच्या टोकाले. 'या रे, या रे' करत."

रुख्माचा हात पवळ्याच्या मानेवरच थांबला. तिने बायकांच्या जागेकडे पाहिले, मग दूरच्या लाल निशाणाकडे.

"मी आजबी ओरडली, बाबा. इथूनच."

मनिरामने बापाकडे पाहिले. बकाराम खाकरला.

"निशाणाजवळ पोरी उभ्या नाही राहत. तिकडं माणसं असतात."

तेवढ्यात पंचांनी शेवटच्या फेरीची शिटी वाजवली. मनिराम बैल वळवून सुटण्याच्या जागी नेऊ लागला. बकारामने चुन्नीलालकडे पाहिले, बैलांकडे पाहिले, आणि काठी उगारून निशाणाजवळच्या गर्दीवर ओरडला, "सरका रे! पोरीले वाट द्या!"

रुख्माने परकर खोचला. बांधावरून धावत ती निशाणाच्याही पार मागे गेली, पट्टीच्या अगदी सरळ रेषेत उभी राहिली, आणि दोन्ही हातांचा कर्णा करून तिने पोटभर श्वास घेतला.