साहेबांसकट

ऐन रविवारी सकाळी कंपनीने 'आपलेपणा वाढवायला' सगळ्यांना मैदानावर बोलावलं. आज मी लेकीला सायकल शिकवणार होते, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं. त्यात तीन पायांच्या शर्यतीत माझा पाय बांधला कुणाच्या पायाला, तर साहेबांच्या! शिट्टी वाजली आणि मी साहेबांना ओढत थेट फाटकाबाहेर सुसाट सुटले. ते बघून बाकीच्या जोड्याही लंगडत, खिदळत आमच्या मागे निघाल्या.

"अहो मॅडम, शर्यत तिकडे संपते!" साहेब ओरडले.

"माझी घरी संपते."

चौकापर्यंत साहेब नुसतेच धापा टाकत होते. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "इथून डावीकडे घ्या ना. माझं घर आधी लागतं."