कातडीचं पाणी

आंबेखोलच्या बेडकांनी घाबरायचं सोडलं, त्याच सोमवारी वृंदा रेडेकरच्या मनगटाला पाझर फुटला.

हे बेडूक घाटमाथ्यावरच्या संशोधन केंद्रात काचेच्या पेट्यांत असत. विजेचा हलका चटका दिला की ते घाबरायचे, आणि घाबरले की त्यांच्या पाठीवर चिकट पाणी सुटायचं. त्या पाण्यातल्या पेप्टाइडनं इन्फ्लुएन्झाचा विषाणू फुटतो, हे वृंदानंच शोधून काढलेलं. गावात तापानं एक घर सोडलं नव्हतं. आणि नेमके आता हे महाशय चटका खाऊन नुसते बघत राहिले, रोज येणाऱ्या पाहुण्याकडं बघावं तसे.

"बाई, साधे बेडूक सांभाळता येईनात तुम्हाला?" केंद्राचे प्रमुख कुपेकर सर सगळ्यांदेखत म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वृंदाला झालं. तेवढ्यात मनगटावर थेंब उभे राहिले. सरांनी ते काचपट्टीवर घेऊन तपासले. तेच पाणी. उलट बेडकांपेक्षा दाट.

आता आंबेखोलचे लोक काही वाईट नव्हेत बरं का. औषधासाठी बाईमाणसाला लाजवायचं त्यांच्याही जिवावर आलं. आधी आधी येणारे नमस्कार करून लाजवत.

"मॅडम, राग मानू नका, पोरगं तापानं फणफणलंय. तुमच्या चपातीत म्हणे जगाचा नकाशा दिसतो."

वृंदा लाजे, थेंब पडत, पोरगं उठून बसे. कुणी तिच्या चालण्यावर बोललं, कुणी मोडलेल्या लग्नावर. हळूहळू भीड चेपली. तिच्या दारातल्या रांगेत ज्याला काही सुचेना त्याला मागचा सुचवू लागला. कडी लाजेच्या आड येते म्हणून लोकांनी तिच्या न्हाणीघराचं दार काढून नेलं. मग पडदे गेले. मग रस्त्याकडची भिंत गेली, आणि रांगेतून तिचं ताट दिसू लागलं. "जेवताना जास्त सुटतं," असं म्हणून कुपेकर सर खुर्ची पुढं ओढून बसले.

पण लाजसुद्धा सवयीनं मरते. एके सकाळी वृंदा कोडगी झाली. लोक बोलून बोलून दमले, हिचं मनगट आपलं कोरडं ठणठणीत. "जनाची नाही, मनाची तरी ठेवा की जरा," रांगेतली एक बाई कळवळून म्हणाली. तेही फुकट गेलं. आणि त्याच दुपारी, त्याच घरात, कुमुदआत्याला ताप चढला.

आईमागं वृंदाला वाढवली ती या आत्यानं. प्रेम उदंड, पण जीभ म्हणजे कातर. तिचा एक टोमणा बसला की वृंदा दोन दिवस मान वर करत नसे. आता आत्याच बोलतील तर सुटेल, असं रांगेनं ठरवलं. वृंदा वाटी घेऊन तिच्या उशाशी बसली.

"आत्या, बोल गं मला काहीतरी."

"काय बोलू?"

"नेहमीचं. माझं नाक, माझं लग्न, काहीही."

आत्याला श्वास पुरत नव्हता.

"चांगली आहेस तू," ती म्हणाली.

"तसं नको. ताप बघ किती चढलाय."

"गुणाची आहेस. सगळं गाव तुला बोललं, बाई. सुरुवात माझीच. माझीच मला लाज वाटते."

आणि आत्याच्या कपाळावर थेंब उभा राहिला. वृंदाचा हात आपसूक पुढं झाला, वाटी कपाळाला लागली. पण थेंब एकच होता. तेवढ्यानं ताप उतरत नाही, हे वृंदाइतकं कुणाला ठाऊक?

"आता तुम्ही त्यांना बोला," कुपेकर सर मागून हळूच म्हणाले. "माणूस वाचवायचंय की नाही?"

काय बोलायचं ते वृंदाला शोधावं लागलं नाही. आत्या रोज देवळात बायकांपुढं पोथी वाचायची. गळा गोड, पान अगदी वेळेवर उलटायची. सगळं तोंडपाठ. वृंदानं हे लहानपणीच ओळखलं होतं आणि जिवात जीव असेतो कुणाला सांगणार नव्हती.

"आत्या," ती मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुला वाचता येत नाही. परवा पोथी उलटी धरली होतीस."

रांगेतली एक बाई हसली. आत्याच्या कपाळावरून, कानांमागून, हातांवरून पाणी धावलं. वाटी भरली. वृंदानं चमच्याचमच्यानं ते तिलाच पाजलं. श्वास मोकळा झाला, अंग निवलं. आत्या वाचली. वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिच्या कातडीला त्याचा पत्ता नव्हता.

रांगेतून दुसरी वाटी पुढं आली. तिच्यामागं आणखी वाट्या होत्या.

"लेक फार आजारी आहे हो," कुणीतरी म्हणालं. "आणखी एखादं आठवतंय का बघा."

वृंदाला आठवत होतं. तिनं वाटी हातात घेतली. आत्या मान खाली घालूनच उठून बसली. वाटी नीट लावता यावी म्हणून तिनं आपणहून मान आणखी खाली घातली.